स्वच्छ मातीची पिशवी

नणंदेने खुलासा घरूनच टाइप करून आणला होता, दोन प्रतींत. पर्समधून काढताना त्याला कुठे सुरकुती पडली नाही ना, हे तिने उलटसुलट करून पाहिलं. वकिलाच्या ऑफिसात वीस वर्षं टायपिंग केलेली बाई. कागद चुरगळलेला तिला खपत नसे. माणसांच्या बाबतीत ती इतकी काटेकोर नव्हती.

"वाचते," असं म्हणून तिने कागदाच्या कोपऱ्यावर मीठदाणी ठेवली, कारण डोक्यावर पंखा गरगरत होता. "नमुना क्रमांक सतरा हा आमच्या राहत्या घरामागील भाजीच्या वाफ्यातला असल्याचे पिशवीवरील चिठ्ठीत नमूद आहे. वस्तुतः तो वाफ्यातला नसून रस्त्याच्या कडेचा आहे. चिठ्ठी लिहिताना माझ्याकडून गफलत झाली, याबद्दल दिलगीर आहे. खाली नमुना घेणाऱ्याची सही आणि त्याखाली साक्षीदाराची. झालं! पाचच्या आत केंद्रावर नेऊन दिला की विषय मिटला."

मागच्या अंगाला कारखान्यात मोटर घुमत होती. नळांना, दारांच्या कड्यांना आणि गाड्यांच्या आरशांना तिथे क्रोमचा चकचकीत मुलामा चढवला जाई. मामंजींनी चार टाक्यांवर सुरू केलेला हा धंदा थोरल्या मुलाने अकरा टाक्यांवर नेला होता, आणि नळावर आपला चेहरा दिसतो की नाही हे प्रत्येक नळ हातात घेऊन पाहायची मामंजींची सवयही त्याने जशीच्या तशी उचलली होती.

वहिनी ओट्यापाशी चहा गाळत होती. घरातले सगळे तिला वहिनीच म्हणत. दीर, नणंद, कामगार, दूधवाला, आणि टोमणा मारायचा असला की सासूबाईसुद्धा. आज तिची बाजू पक्की होती, आणि ती होती नवऱ्याची, म्हणजे थोरल्याची. सकाळीच तिने दिराला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "भावजी, एका सहीने हात झिजत नाही." कारण तिच्या मते त्या खुलाशात खोटं काही नव्हतंच. तिच्या वाफ्यातली माती घाण निघेल? शक्यच नव्हतं. केंद्रावरच कोणीतरी पिशव्यांची अदलाबदल केली असणार, आणि त्या गाढवपणापायी अख्ख्या कारखान्याला टाळं लागायची वेळ आली होती.

दीर टेबलाच्या टोकाला बसला होता, पाठ ताठ, हात मांडीवर. त्याला सगळे फौजी म्हणत. सोळा वर्षं लष्करात काढून चार वर्षांपूर्वी तो परत आला, तेव्हा त्याच्या गळ्यात हार घालायला अर्धी गल्ली जमली होती. हार सुकले तशी गल्लीही पांगली. मग तो एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला, तिथून एका गोदामात गेला, तिथून कुठेच नाही. कारखान्यात ये म्हटलं की म्हणायचा, "दादाच्या हाताखाली नको, उगाच भांडणं होतील." दिवसभर तो वरच्या खोलीत आढ्याकडे बघत पडून राही, आणि सासूबाई खालून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "देशाचं झालं, आता घरावर पहारा चाललाय."

मग ही योजना निघाली. बेकार माजी सैनिकांना पर्यावरणाच्या कामाचं शिक्षण द्यायचं, खर्च सगळा सरकारी. माती, पाणी कसं तपासायचं, त्यातलं विष कसं काढायचं, मुखवटा नि मोजे घालून पिंपं कशी उचलायची. नऊ महिन्यांनी प्रमाणपत्र, आणि सरकारच जिथे सफाई काढेल तिथे नोकरी. अर्ज नणंदेनेच भरला होता. पहिल्या तुकडीत वीस जण घेतले, त्यांत फौजी होता. महिन्याभरात माणूस बदलला. रोज दाढी करू लागला. संध्याकाळी वहिनीच्या ओट्याशेजारी वही उघडून बसायचा, आणि भाजीला मीठ किती टाकलं असं ती विचारायला गेली तर म्हणायचा, "लिटरला किती मिलिग्रॅम ते सांगा वहिनी, मग बोलू." त्या दिवसांत घरात बऱ्याच वर्षांनी हसणं ऐकू आलं होतं.

आणि तिसऱ्याच महिन्यात ती पिशवी. प्रशिक्षण केंद्रात शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला सांगितलं होतं, आपल्या माहितीतल्या स्वच्छ जागेची पिशवीभर माती आणा. घाण माती तपासताना शेजारी ठेवायला चांगली माती लागते म्हणे, नाहीतर घाण किती ते कळणार कसं? कोणी देवळामागची आणली, कोणी सासुरवाडीच्या शेतातली. फौजी आला वहिनीकडे. "तुमच्या वाफ्याहून स्वच्छ जागा मी तरी बघितलेली नाही," असं तो म्हणाला, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने स्वतः बसून माती उकरली, खडे वेचले, पिशवी भरली आणि चिठ्ठीवर साक्षीदार म्हणून सुवाच्य अक्षरांत सही केली. ती स्वच्छ मातीची पिशवी यंत्राखाली गेली, तेव्हा जुन्या कचराडेपोच्या मातीहून तिच्यातल्या विषाचा आकडा वर गेला.

बाईंना वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्या यंत्राने पाहिलं, तेच. सरकारी पैशावर चालणारा वर्ग, निघालेला आकडा दाबता येत नाही. मग पर्यावरण खात्याची नोटीस आली: जागेची तात्पुरती नोंद करत आहोत, पुढच्या आठवड्यात तपासणीला येऊ, तोवर कारखाना बंद ठेवावा, काही खुलासा असल्यास अमुक तारखेच्या पाचपर्यंत द्यावा. अमुक तारीख म्हणजे आज. आत्ता पावणेतीन वाजले होते आणि कारखाना बंद ठेवलेला नव्हता.

"पेन घे," थोरला भाऊ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो कामगारांशीही असाच बोलायचा, म्हणून कामगार त्याला टरकून असत.

"दादा, मी हे लिहून दिलं तर पहिल्या दिवशी बाहेर," फौजी म्हणाला. "चिठ्ठी खोटी लिहिणाऱ्याला तिथे माफी नाही. ते पहिल्याच तासाला सांगतात."

"मग दुसरं काहीतरी बघू तुझ्यासाठी."

"चार वर्षं बघतोयच आपण."

"एका माणसाच्या कोर्ससाठी चौदा कामगारांचं पोट मारायचं का?" नणंद मध्ये पडली. "जरा विचार कर. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा सहा महिने आम्ही कोणाच्या जिवावर जेवलो? दादाच्या. तू तिकडे होतास, तुला कोणी कळवलंही नाही."

"माझा एकट्याचा प्रश्न असता ना ताई, तर सही केली असती." फौजीने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "या योजनेवर टपून बसलेत लोक. रिटायर झालेल्या शिपायांवर कशाला पैसा उधळता, यांना झेपतं का, असं सभेत बोललेत. उद्या पिशवी सतरा खोटी निघाली की बाकीच्या एकोणीस पिशव्याही खोट्या. अनुदान बंद. आमच्यात एक जण आहे, एक पाय नाही त्याला. चार बसा बदलून येतो. त्याला जाऊन मी काय सांगू?"

"त्याला काय सांगायचं त्याचीच काळजी. मला काय सांगायचं त्याची नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या. हात थांबले नव्हते.

वहिनीने चहाचे कप टेबलावर ठेवले. तिला आता या सगळ्यांचाच कंटाळा आला होता. इतकी साधी गोष्ट आणि इतका काथ्याकूट! तिला वाटलं, आपणच काय ते शहाणे.

"मी एक सांगू का?" ती म्हणाली. "भावजी, ते हातात धरायचं यंत्र आहे ना तुमच्याकडे? परवा दाखवायला आणलं होतं ते?"

"वर आहे. सोमवारी परत करायचंय."

"मग वाद कशाला घालताय? चला, आत्ता माती काढते. सगळ्यांसमोर. लावा तुमचं यंत्र. स्वच्छ निघाली की तसंच लिहून द्या, की आम्ही पुन्हा तपासली, पिशवी तुमच्याकडेच बदलली. खोटंही बोलायला नको आणि कोर्सही जायला नको." असं म्हणून तिने दारामागचं खुरपं घेतलंसुद्धा.

"नको," नवरा म्हणाला.

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे."

"नको म्हटलं ना."

"का नको? माझ्या मातीची मला खात्री..."

"नको म्हणतोय ना मी!" तो इतक्या जोराने ओरडला की बशीत चहा सांडला. लग्नाच्या सोळा वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. कमी बोलायचा, घुमा म्हणून तिच्या माहेरी त्याची चेष्टा व्हायची, पण ओरडायचा नाही. वहिनी खुरपं हातात धरून तशीच उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे. फौजी टेबलाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

"काय आहे तिथे?" तिने विचारलं.

शेवटी सासूबाईंनी वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं. "सांगून टाक," त्या मुलाला म्हणाल्या. "किती दिवस गप्प बसशील?"

त्याने सांगितलं, पण टेबलावरच्या कागदाला सांगावं तसं. टाक्यांच्या तळाशी गाळ साठतो. तो न्यायला परवान्याची गाडी येते. अकरा वर्षांपूर्वी ती गाडी यायची बंद झाली. गाडीच्या मालकाचं नि खात्याचं काहीतरी फिसकटलं होतं, आणि दुसरा परवाना कोणाकडेच नव्हता. पिंपं वर्षभर साठत गेली, गंजायला लागली. तपासणी यायची होती. "कुठे टाकणार होतो मी? नदीत टाकायचा? लोक टाकतात. मी नाही टाकला." मागे खड्डा खणला, गाळ ओतला, वर चुना मारला. खड्डा दिसू नये म्हणून दोन ट्रक चांगली माती आणून पसरली.

दोन ट्रक माती. वहिनीला तो दिवस लख्ख आठवत होता. मुलगी जेमतेम वर्षाची होती. ट्रक घरामागे येऊन लागले तेव्हा ती तिला कडेवर घेऊन धावत बाहेर आली होती, आणि नवरा म्हणाला होता, "तुला भाजी लावायची होती ना? घे, लाव." न मागता त्याने तिला काही दिल्याची ती पहिली वेळ, आणि शेवटचीही. तिने माहेरी फोन करून सांगितलं होतं. बहिणी हसल्या होत्या, लोकांचे नवरे दागिने देतात, तुझा माती देतो. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्याला आपल्या मनातलं कळतं, पण बोलता येत नाही, एवढ्या समजुतीवर तिने पुढची अकरा वर्षं काढली होती.

"आणि तुम्ही मला तिथे पेरू दिलंत," ती म्हणाली.

"वर चांगली माती होती. हातभर होती."

"मुळं हातभर जातात, दादा," फौजी हळूच म्हणाला. "आणि दरवर्षी वहिनी खणतात. खालचं वर येतं."

"मीही खाल्लीच ना ती भाजी?" नवरा एकदम उसळला. "तुला घातली आणि मी खाल्ली नाही, असं झालं का? रोज खाल्ली! ताटात टाकली नाही कधी!" आणि हे खरं होतं. त्याने अकरा वर्षं मुकाट्याने खाल्ली होती. त्याला मनापासून वाटत होतं की ही त्याची बाजू आहे. वहिनीला त्याची दया आली, आणि दया आल्याचा तिला मनस्वी संताप आला.

"तुझ्या नाकातून रक्त कधीपासून येतं, दादा?" फौजीने विचारलं.

"उन्हाळ्याचं येतं."

"बाराही महिने येतं," वहिनी म्हणाली. "रुमाल मी धुते."

"बाबा आम्हाला दोरा घालून दाखवायचे, आठवतं?" फौजी नणंदेकडे वळला. "एका नाकपुडीत घालायचे, आतल्या भोकातून दुसरीकडून काढायचे. आपण टाळ्या वाजवायचो. शेजारची पोरं बोलावून आणायचो, आमच्या बाबांची जादू बघा म्हणून. दुसऱ्या महिन्यात बाईंनी फळ्यावर नाकाचं चित्र काढलं. क्रोमच्या वाफेने आतला पडदा सडतो, भोक पडतं. बाकीचे एकोणीस लिहून घेत होते. मी हसत सुटलो. थांबताच येईना. शेवटी बाईंनी मला बाहेर काढलं."

नणंद कसला तरी हिशेब मांडत असावी असं तिच्या ओठांवरून वाटत होतं. मग तिने वहिनीला विचारलं, "पालक? तो पालक त्याच वाफ्यातला?"

"हो."

"मुळे? टोमॅटो?"

"सगळंच, ताई. वाफा एकच आहे."

"दर शनिवारी पिशवी भरून पाठवायचीस तू." नणंदेचा आवाज चिरकला. "माझी जुळी दात यायच्या आधीपासून तुझा पालक खातायत. बाहेरची भाजी घेऊ नका, तिच्यावर औषधं मारतात, असं म्हणायचीस. बाहेरची घेऊ नका! तूच सांगायचीस!"

"मला माहीत नव्हतं."

"पण पाठवत तूच होतीस ना?"

खड्डा नवऱ्याने खणला, गप्प सासूबाई बसल्या, आणि पोरांना खाऊ घातल्याचं खापर वहिनीच्या डोक्यावर. सगळ्यात वाईट म्हणजे नणंद चुकीचं बोलत नव्हती. त्या पिशव्या वहिनीच भरत होती. कामगारांच्या घरीही देत होती, चौदाच्या चौदा घरी. एखादा नको म्हणाला तर रुसत होती.

"आई, तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"खड्डा केलाय हे माहीत होतं. त्यात काय टाकलं ते मी विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तुम्हा कोणाची शिक्षणं झाली नसती. आता रडून काय होणार? जे खाल्लं ते खाल्लं. उद्यापासून वाफा बंद. सह्या करा आणि मोकळे व्हा."

आणि काय नवल, नणंदेने डोळे पुसले आणि कागद सरळ केला. "आई म्हणते ते बरोबर आहे," ती म्हणाली. मघाशी जी चिरकत होती तीच. "कारखाना गेला तर पोरांच्या औषधालाही काही उरणार नाही. निदान तो तरी राहू दे."

"नोटिशीचं मागचं पान वाचलंस का ताई?" फौजीने विचारलं.

"कोणतं मागचं?"

"तू पुढचंच वाचलंयस. मागे लिहिलंय की जिची नोंद झाली, त्या जागेवर राहणाऱ्या, काम करणाऱ्या आणि तिथलं खाणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. खातं तपासणार, उपचारही खातं करणार, पोरं मोठी होईपर्यंत. मोठ्या दवाखान्यात आजपासून नावं घेतायत, सहापर्यंत. खुलासा गेला की नोंद रद्द. मग कोणाला सांगशील काय तपासा म्हणून? डॉक्टर विचारेल, विष आलं कुठून? सांगशील?"

मग थोरला भाऊ पुढे झुकला. "आपण बाहेर तपासू," तो म्हणाला. "लांबच्या डॉक्टरकडे. गुपचूप. सगळ्यांचं करू. पण आधी हे निस्तरू दे. मी हात जोडतो तुला." आणि त्याने खरंच हात जोडले. धाकट्या भावासमोर. सासूबाईंनी मान फिरवली.

फौजीने पेन उचललं, टोपण काढलं, आणि कितीतरी वेळ ते तसंच धरून ठेवलं. मग त्याने पेन टेबलावरून वहिनीकडे सरकवलं. "साक्षीदाराची सही आधी घ्या," तो म्हणाला. "वहिनींनी केली तर मी करतो."

तिला त्याचा रागच आला. सोळा वर्षं सीमेवर उभा राहिलेला माणूस, आणि घरातल्या पहिल्या गोळीला तिच्या पदराआड. पण त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसला, आणि कळलं की तो खरोखरच थकलाय. भावाला नाही म्हणायची ताकद संपलीय आणि हो म्हणायचीही.

खरं सांगायचं तर तिने पेन उचललं तेव्हा ती सही करणारच होती. चौदा माणसं, नवऱ्याचे जोडलेले हात, मुलीची शाळा, म्हातारी सासू. लांबचा डॉक्टर, गुपचूप. बायका असंच करत आल्या आहेत आणि तीही काही वेगळ्या मातीची नव्हती. तिने कागद जवळ ओढला, साक्षीदार शब्दावर पेनाचं टोक टेकवलं.

नवरा उठून तिच्याजवळ आला. "शाबास," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांसमोर तो असं कधी करत नसे. "आणि वाफ्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दुसरीकडे करू. मी तुला नवीन माती आणून देतो."

वहिनीने पेन कागदावरून उचललं. टोपण लावलं. ते कागदावर नीट आडवं ठेवलं.

"माती मी काढली होती," ती म्हणाली. "माझ्या वाफ्यातली. या हातांनी. तेच मी लिहून दिलंय आणि ते खरं आहे. दुसरं काही मी लिहिणार नाही."

"तुला कळतंय का तू काय करतेयस?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला तरी तेव्हा कुठे कळत होतं?"

खांद्यावरचा हात निघाला. नवरा भावाकडे वळून म्हणाला, "तुझं सामान आजच्या आज काढायचं. तुझं केंद्र आहे, तुझे एकोणीस भाऊ आहेत. जा तिकडे." फौजी उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, आणि जिना चढून गेला. वरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. सासूबाईंनी परत वाटाणे घेतले.

"आणि उद्या त्या चौदा जणांना मी काय सांगू?" नवऱ्याने आता तिला विचारलं.

"खरं सांगा. भाजी त्यांच्याही घरी गेलीय." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तुम्हाला जमणार नसेल तर मी जाते दारोदार. पिशव्या द्यायला मीच जायचे ना."

त्याने दोन्ही प्रती उचलल्या, पण फाडल्या नाहीत. घडी करून खिशात घातल्या, जणू साक्षीदाराचं मन रात्रीतून बदलेल आणि पाचची वेळ थांबून राहील. मग तो मागच्या दाराने कारखान्यात गेला. थोड्या वेळाने मोटर बंद पडली. ती बंद पडल्यावर घर इतकं शांत झालं की सासूबाईंच्या हातातून सुटलेला वाटाणा फरशीवर घरंगळत गेलेला सगळ्यांनी ऐकला.

साडेतीनला मुलगी शाळेतून आली. दारातच तिने सवयीप्रमाणे एका पायाने दुसऱ्या पायातला बूट काढायला घेतला, आणि विचारलं, "खायला काय आहे?"

"बूट काढू नकोस," वहिनी म्हणाली. "आपल्याला दवाखान्यात जायचंय."

"कोणाला बरं नाहीये?"

"ते बघायलाच जायचंय. चल."

"आई, मला भूक लागलीय."

"वाटेत घेऊ काहीतरी. दुकानातलं." हे शब्द तोंडातून निघताना वहिनीला रडू फुटलं, आणि मुलीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. वहिनीने तोंड धुतलं, नोटिशीची दोन्ही पानं शोधून पर्समध्ये टाकली, आणि मुलीचा हात धरला. सासूबाईंनी नातीकडे पाहिलं आणि वाटाण्यांचं भांडं बाजूला सारलं.

त्या दोघी पायऱ्या उतरल्या तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नणंद दारात आली. तिने पर्स खांद्याला लावली होती आणि चपला उलटसुलट पायांत अडकवल्या होत्या. डोळे सुजले होते.

"थांब, मी येतेय," ती म्हणाली. "पोरांना शाळेतून घ्यायचंय वाटेत. पण तुझ्याशी मी बोलणार नाही."

"नका बोलू," वहिनी म्हणाली, आणि तिच्यासाठी फाटक उघडं धरलं.